घड्याळजीची बंदूक

भामरागड म्हटलं की बहुतेकांना हेमलकसा आठवतं, आमटे कुटुंबाचा लोकबिरादरी प्रकल्प आठवतो, नाहीतर पेपरातल्या बातम्या आठवतात. मला मात्र आधी माझे आजोबा (आईचे वडील) आठवतात, आणि आजोबा म्हटले की त्यांची थ्री नॉट थ्री.

आजोबा पोलिसात हवालदार होते. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी त्यांची बदली भामरागडला झाली. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तिथे संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जायचा आणि गावाचा जगाशी संबंध तुटायचा. हवा इतकी ओली की सकाळी पुसलेल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत तांबूस थर दिसायचा. त्या दिवसांत आजोबांचा रोजचा एक कार्यक्रम ठरलेला असे. रायफलचा बोल्ट काढायचा, चिंधीने कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, परत बसवायचा आणि रिकाम्या रायफलवर वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे करायचा. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. का, ते सांगायची गरज नव्हती. तेव्हा त्या जंगलात बोल्ट अडला तर काय होऊ शकतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

एकदा त्यांच्याबरोबरच्या एका नव्या शिपायाने शॉर्टकट मारला. बोल्ट जड चालतो म्हणून तो पॉलिश पेपर घेऊन घासत बसला. आर्मररने पाहिलं आणि त्याला असं काही झापलं की आजोबा ते अजून हसत हसत सांगतात. पण झापलं का, हे आजोबांनाही नीट सांगता येत नव्हतं. लहानपणी मलाही ते कळलं नाही. घासल्यावर वस्तू गुळगुळीत होते ना? मग चुकलं कुठे? याचं उत्तर मला फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये मिळालं, आणि ते शोधता शोधता जेम्स पॅरिस ली हा माणूस भेटला. आजचा लेख त्याच्यावर आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा शुद्धलेखनाबद्दल संपादक मंडळाला आधीच सॉरी.)

लीचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावातला. आपल्या चांद्याचे वीर बाबूराव शेडमाके १८३३ चे, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे. ली पाच वर्षांचा असताना घरच्यांनी बोजाबिस्तरा बांधला आणि सगळे कॅनडात गॉल्ट नावाच्या गावी गेले. वडिलांचं घड्याळं आणि दागिन्यांचं दुकान होतं. मुलगाही त्याच कामाला लागला. पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. बाराव्या वर्षी त्याने वडिलांच्या एका जुन्या पिस्तुलाला अक्रोडाच्या लाकडाचा घरी कोरलेला दस्ता बसवून पहिली बंदूक बनवली. ती काही धड चालली नाही. बारा वर्षांचा असताना मी काय बनवलं होतं ते आठवून पाहिलं, थर्माकोलचं घर आठवलं, आणि विषय सोडून दिला.

त्याने बंदुकीचा कारखाना पाहण्याआधी घड्याळ पाहिलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घड्याळात ताकद फारच थोडी असते. एक लहानशी स्प्रिंग, आणि तिच्यावर सगळा कारभार. कुठे जरा जास्त घर्षण झालं की घड्याळ बंद. म्हणून घड्याळजी सतत एकच विचार करतो, की ही ताकद वाया कुठे जाते आहे? लीने पुढे बंदुकीत जे केलं ते मला याच सवयीचं वाटतं. हे माझं मत, पुस्तकात असं लिहिलेलं असेलच असं नाही.

वीस वर्षांच्या आतच, १८५० मध्ये, त्याने चॅटम गावी स्वतःचं घड्याळाचं दुकान काढलं. लग्न झालं, दोन मुलं झाली. १८५८ साली कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला इकडे चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाक्यांना इंग्रजांनी फाशी दिलं. देशभरचा तो उठाव ज्या काडतुसावरून पेटला ते एन्फिल्ड रायफलचं होतं. कागदात गुंडाळलेलं, दाताने फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी गजाने ठासायची. एक गोळी झाडून दुसरी भरेपर्यंत साधारण वीस सेकंद, तेही उभं राहून. आपल्याकडे जंगलात शिकारीसाठी वापरली जाणारी भरमार बंदूक याच जातीची. गडचिरोलीत आतापर्यंत गावकऱ्यांनी पोलिसांकडे जमा केलेल्या बंदुकांच्या बातम्यांमध्ये हा शब्द तुम्ही वाचला असेल.

त्या काळी जगभरच्या कारागिरांना एकच प्रश्न पडला होता, की गोळी मागून कशी भरायची. लीनेही त्यावर काम सुरू केलं. १८६२ मध्ये पहिलं पेटंट मिळालं, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. मिलवॉकीला कंपनी निघाली, आणि सैन्याकडून एक हजार कार्बाइनची ऑर्डरही मिळाली. झालं, लाइफ सेट! पण नाही. युद्ध संपलं, माल तयार होईपर्यंत नळीच्या मापावरून वाद झाला आणि सैन्याने माल नाकारला. कंपनी बुडाली. एका मापाची गडबड आणि अख्खी कंपनी गेली. आमचे ड्रॉइंगचे सर टॉलरन्सवरून सबमिशन परत का करतात ते तेव्हा मला जरा समजलं. (तरी दोन वेळा परत करायची गरज नव्हती, सर.)

मग तो न्यूयॉर्क राज्यात इलियन गावी रेमिंग्टनच्या कारखान्याकडे आला. हीच रेमिंग्टन कंपनी पुढे टाइपरायटरमुळे आपल्या घराघरात माहीत झाली. १८७५ च्या सुमारास स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात त्याची एक एकबारी रायफल थोड्या संख्येने बनवली गेली. तीही पुढे सरकली नाही. चाळिशी उलटून गेलेली, हातात यश असं काही नाही. इथे बहुतेक माणसांनी परत घड्याळाचं दुकान उघडलं असतं.

४ नोव्हेंबर १८७९ ला त्याला जे पेटंट मिळालं त्यात एक साधी पत्र्याची डबी होती. आत स्प्रिंग, तिच्यावर एक पट्टी, पट्टीवर एकावर एक ठेवलेली काडतुसं. डबी रायफलच्या पोटात खालून लावायची. वरचं काडतूस गेलं की स्प्रिंग खालचं वर ढकलते. हेच आपण ज्याला मॅगझिन म्हणतो ते. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही, पण तोपर्यंत बहुतेक रायफलींमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी ठेवत. त्यात टोकदार गोळी वापरायची सोय नव्हती, कारण मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडावर, म्हणजे नेमकं जिथे आघात झाला की बार उडतो तिथे टेकायचं. शिवाय काडतुसं संपत जातील तसा बंदुकीचा तोल बदलायचा. लीच्या डबीने दोन्ही भानगडी संपवल्या. एक भानगड तेवढी राहिली. इंग्रजांच्या काडतुसाला बुडाशी कड असायची. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली की दोघं एकमेकांत अडकायची. आजोबांना हे पक्कं माहीत होतं. क्लिप भरताना ते अजूनही हवेत बोटांनी क्रम दाखवतात.

डबी तयार झाली तरी नशीब तेच. ज्या शार्प्स कंपनीने रायफली बनवायला घेतल्या ती काम अर्धवट असतानाच बंद पडली. उरलेलं काम रेमिंग्टनने पूर्ण केलं. अमेरिकन नौदलाने थोड्या घेतल्या, इकडेतिकडे थोड्या विकल्या गेल्या. मात्र ही रायफल समुद्र ओलांडून इंग्लंडला चाचणीला गेली आणि तिथे ती परीक्षकांच्या डोळ्यांत भरली. बऱ्याच वर्षांच्या चाचण्यांनंतर डिसेंबर १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. बोल्ट आणि मॅगझिन लीचं, नळीच्या आतले आटे विल्यम मेटफर्डचे, म्हणून नाव पडलं ली-मेटफर्ड. हा मेटफर्ड मुळात रेल्वे इंजिनिअर. १८५७ साली तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर बिहारमध्ये मुंगेरला होता आणि उठावाच्या काळात तिथल्या बंदोबस्ताचं काम त्याने केलं होतं. जग लहान आहे! पुढे धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली, तिच्या उष्णतेने मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजू लागले. मग १८९५ मध्ये एन्फिल्डच्या कारखान्याने ठरवलेले खोल आटे आले आणि मेटफर्डचं नाव गेलं. ली मात्र टिकला. ली-एन्फिल्ड. नळीचं माप ०.३०३ इंच, म्हणून आपली थ्री नॉट थ्री.

आता मुद्द्याचं. हा बोल्ट इतका सुळसुळीत का चालतो?

ज्यांनी बंदूक पाहिली नाही त्यांनी आपल्या हॉस्टेलच्या बाथरूमचा बोल्ट आठवावा. दांडी पुढे सरकवायची, कान खाली पाडायचा, दार बंद. रायफलचा बोल्ट तसाच. पुढे सरकताना तो मॅगझिनमधलं काडतूस नळीत ढकलतो, कान खाली पाडला की त्याचे दोन खांदे खोबणीत अडकतात आणि बार उडाल्यावर मागे येणारा सगळा दाब तेच झेलतात. उघडताना उलटं. रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकलं जातं. बाथरूमचा बोल्ट आणि हा, यात फरक एवढाच की बाथरूमचा अडला तर फक्त लेक्चर चुकतं.

जर्मनीत पॉल माउझर याच काळात काम करत होता. त्याने खांदे बोल्टच्या पुढच्या टोकाला ठेवले. मजबुतीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण दाब जिथे तयार होतो तिथेच तो झेलला जातो. लीने ते मागच्या बाजूला ठेवले. त्यामुळे बार उडताना अख्खा बोल्ट जरा दाबला जातो, आणि फार जास्त दाबाच्या काडतुसाला ही रचना चालत नाही. पण फायदा असा की बोल्टला मागे कमी अंतर यावं लागतं. माउझरचा कान नव्वद अंश वर उचलावा लागतो, लीचा साधारण साठ. कानही चापाच्या जवळच, त्यामुळे हात फार हलवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. कुठल्याही बोल्ट रायफलमध्ये आतली जाड स्प्रिंग दाबण्याचं काम कुठेतरी करावंच लागतं, त्यातून सुटका नाही. १८९८ च्या माउझरमध्ये ते कान वर उचलताना होतं. म्हणजे त्याच क्षणी गरम होऊन नळीला चिकटलेलं काडतूसही सोडवायचं आणि स्प्रिंगही दाबायची. लीने हे ओझं वाटून टाकलं. उघडताना फक्त काडतूस सोडवा. स्प्रिंग दाबायची ती बोल्ट पुढे ढकलताना, जेव्हा हाताच्या मागे खांद्याचा जोर असतो. काम तेवढंच, फक्त वेळ बदलली. हा विचार घड्याळजीलाच सुचू शकतो असं मी म्हटलं, ते यासाठी. काहींना मात्र ही पद्धत आवडत नाही. सावकाश निशाणा लावणाऱ्याला तो शेवटचा रेटा खटकतो, असं म्हणतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे फिटिंग, आणि इथे तो पॉलिश पेपरवाला शिपाई परत येतो. ली-एन्फिल्डचा बोल्ट कुठल्याही रायफलमध्ये घालून चालत नाही. दोन्ही खांदे आपापल्या खोबणीत सारखे टेकले पाहिजेत, म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलशी जुळवून बसवत आणि दोघांवर एकच नंबर ठोकत. आपण फिटिंग शॉपमध्ये मेल-फीमेल जॉब करतो ना, निळा रंग लावून कुठे उंचवटा राहिला ते बघत, अगदी तसंच. एकाचा फीमेल दुसऱ्याच्या मेलला बसत नाही (व्हायवाच्या आदल्या रात्री बदलून बघितलाय, बसत नाही). आता त्या खांद्याला कोणी पॉलिश पेपर मारला तर तो गुळगुळीत होईल, पण एका बाजूने जास्त झिजेल. मग सगळा दाब एकाच खांद्यावर. शिवाय बोल्ट आणि काडतूस यांच्यामधली फट वाढली तर काडतूस आतल्या आत फाटू शकतं. म्हणजे बोल्ट मऊ चालेल, पण चालवणाऱ्याच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर. आर्मरर चिडला तो यासाठी. बोल्ट सुरळीत करायचा रस्ता तोच, जो आजोबांचा होता. घाण काढा, कोरडा ठेवा, थोडं तेल, आणि हजारो वेळा चालवा. ते दोन पृष्ठभाग एकमेकांना घासून आपापली जागा करून घेतात. जुनी रायफल नव्यापेक्षा चांगली चालते ती याचमुळे.

आणि तरीही हा बोल्ट काही घट्ट बसवलेला नव्हता. सरकायच्या जागी त्याला बऱ्यापैकी ढिलाई होती. वाळू आली, चिखल आला, तरी जायला जागा. ते किती महत्त्वाचं होतं हे ली गेल्यानंतर कळलं.

कारण खुद्द लीला त्याच्या पुढची पायरी हवी होती. कान फिरवायची भानगडच नको, नुसता मागे ओढला की उघडेल असा बोल्ट त्याने बनवला. १८९५ मध्ये अमेरिकन नौदलाने ती सहा मिलिमीटरची रायफल घेतली, विंचेस्टरने बनवली. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ती वापरली गेली. कागदावर जास्त वेगवान, प्रत्यक्षात नाजूक आणि गुंतागुंतीची. थोड्याच वर्षांत ती मागे पडली. माणूस आपल्याच सगळ्यात चांगल्या कामावर समाधानी नसतो, त्याचं हे उदाहरण. २४ फेब्रुवारी १९०४ ला कनेक्टिकटमध्ये शॉर्ट बीच इथे लीचं निधन झालं. त्याचं वय बहात्तर होतं. ज्या देशात त्याचं बहुतेक आयुष्य गेलं त्या अमेरिकेच्या पायदळाने त्याची रायफल कधीच मुख्य शस्त्र म्हणून घेतली नाही.

दहा वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिश शिपायाला एका मिनिटात तीनशे यार्डांवर पंधरा नेम धरून गोळ्या झाडायची तालीम असे. ऑगस्ट १९१४ मध्ये मॉन्सच्या लढाईत जर्मनांना वाटलं की समोर मशीनगन आहेत, अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. ती जरा फुगवलेली आहे असं आता बरेच अभ्यासक मानतात. पण पुढची गोष्ट पक्की आहे. ली जिथे लहानाचा मोठा झाला त्या कॅनडाने आपल्या सैन्याला रॉस नावाची, सरळ ओढायच्या बोल्टची रायफल दिली होती. नेमबाजीच्या स्पर्धेत एक नंबर. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत, चिखलात, तिचा बोल्ट अडू लागला. शिपाई तो बुटाने, फावड्याने ठोकून उघडत होते, समोर शत्रू. मग त्यांनी आपल्या रायफली टाकून मेलेल्या ब्रिटिश शिपायांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या. वरिष्ठांना हे समजून रॉस मागे घ्यायला १९१६ उजाडलं. मधल्या काळात किती पोरं गेली असतील!

आपल्याकडे ही रायफल इंग्रजांबरोबर आली आणि ते गेल्यावरही राहिली. बंगालमध्ये इच्छापूरला रायफल फॅक्टरी झाली, पुण्याला खडकीच्या कारखान्यात काडतुसं बनायची, त्यांच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरं असत. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास इच्छापूरने हिचाच ७.६२ मिलिमीटरचा अवतार काढला. म्हणजे लीने १८७९ साली काढलेली कल्पना शंभर वर्षांनंतरही आपल्या पोलिसांच्या खांद्यावर होती. हे कौतुकाचं की लाजेचं, मला नक्की ठरवता येत नाही. २००८ साली २६ नोव्हेंबरला मुंबईत सीएसटी स्टेशनवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात हीच होती. दर गोळीला बोल्ट ओढायचा, समोरून मात्र धो धो. तिथे बोल्ट कितीही मऊ असून काय उपयोग? गडचिरोलीत १९९० मध्ये सी-सिक्स्टी पथक उभं राहिलं आणि हळूहळू त्यांच्या हातातली हत्यारं बदलली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला संचलनात थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला.

आजोबांना मी विचारलं होतं की तुम्ही ती कोणावर चालवली का. ते काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. नंतर पुन्हा मी तो विषय काढला नाही. भामरागडच्या जंगलात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांत पुष्कळ जण त्याच मातीतले होते, एवढं मात्र ते कधीतरी आपणहून म्हणाले होते.

रिटायर होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली. औषधाची वेळ ते विसरतात, माझी ब्रँच मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल यात त्यांचा गोंधळ होतो. पण रायफलचा नंबर विचारला की लगेच सांगतात, आणि बोल्टवरही तोच होता हे न विचारता सांगतात. ली हे नाव मात्र त्यांनी गेल्या दिवाळीत माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. तो घड्याळजी होता म्हटल्यावर मान हलवली, आणि दुकान चालायचं का त्याचं, असं विचारलं.